हळदीच्या तीनशे भाकऱ्या

धंदा काढायचाय म्हणून कुणी पोरगा-पोरगी माझ्याकडे आली की मी आधी पाणी देते, पंखा लावते आणि मग विचारते, "तुझ्या हाताखाली कोणकोण असणार? आडनावं सांग बघू त्यांची." पोरं चपापतात. त्यांना वाटतं, म्हातारी जात काढते आहे. एका पोरीने तर तोंडावर सुनावलं, "मावशी, आजकाल असं कुणी विचारत नाय." मी म्हटलं, "जात तुझी तुझ्यापाशी ठेव गं बाई, मला भावकी सांग." मग तिला रेश्माची गोष्ट सांगावी लागली. तीच आज लिहून काढते आहे. सांगून सांगून माझा घसा बसायला लागलाय.

आधी माझं थोडं. माझं शिक्षण सातवी. खोपोलीत कारखान्याच्या गेटासमोर मी कितीतरी वर्षं पोळी-भाजीचे डबे दिले. तीन पाळ्यांचे कामगार, म्हणजे तीन वेळचा स्वयंपाक. गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा डबे सुनेच्या हवाली केले आणि आता देवधर्म करू म्हणून बसले. चार दिवसांत कंटाळले. तेवढ्यात कर्जत-खालापूरच्या खेड्यांतल्या तरुण मुलांना धंद्याचं शिकवणाऱ्या एका संस्थेतल्या मॅडम आल्या. म्हणाल्या, पुस्तकातलं आम्ही शिकवतो, तुम्ही फक्त त्यांच्यासोबत फिरा. तेव्हापासून मी मेंटर आहे. कार्डावर तसं छापलंय.

मेंटर म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. माझ्या यजमानांनीही विचारलं होतं. कर्ज मी देत नाही, सरकारी योजना माझ्या हातात नाही. मी जाते, बसते, चहा पिते आणि नको ते प्रश्न विचारते. सकाळी दुकान किती वाजता उघडतोस? परवा का बंद होतं? कळंबकडच्या एका पोराने मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. हात सोन्यासारखा. पण बोर्डावर त्याचा स्वतःचा फोटो एवढा मोठा, की गावात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं हा निवडणुकीला उभा आहे. शिवाय कुठल्याही गावात क्रिकेटचे सामने लागले की दुकानाला कुलूप. "अरे, गिऱ्हाईक परत गेलं ना!" म्हटलं तर म्हणतो, "मावशी, सेमीफायनल होती." आता काय बोलायचं! ते दुकान शेवटी बंद पडलं. त्या रस्त्याने रिक्षा जाते तेव्हा मी अजूनही मान दुसरीकडे वळवते.

तर रेश्मा. कर्जतपासून आत डोंगराच्या बाजूला एक लहान वाडी आहे, सगळी मिळून पंचवीस-तीस घरं, तिथली ही सून. वय तेवीस, बारावी झालेली, बोलायला चुरचुरीत. नवरा विलास रसायनीला कारखान्यात कंत्राटावर. तिच्या डोक्यात आलं की आपल्या भागात शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची माणसं रिसॉर्टांवर येतात, चुलीवरचं जेवण मागतात आणि त्यांना खायला मिळते ती गॅसवरची रबरासारखी भाकरी. मग आपण गरम गरम तांदळाच्या भाकऱ्या करून का देऊ नयेत?

मला ही पोरगी पहिल्याच दिवशी आवडली, कारण तिने मला "कसं करू" असं विचारलं नाही. तिने मला भाकरी खायला घातली. आमच्याकडची तांदळाची भाकरी म्हणजे उकळत्या पाण्यात पीठ टाकायचं, झाकून वाफ आणायची आणि ती उकड हाताला चटके बसत असतानाच मळायची. मळण्यात कंजूषपणा केला की भाकरीच्या कडा फाटतात. रेश्माची भाकरी पापुद्रा सुटून फुगली होती. मी म्हटलं, "ही तू केलीस?" तर आतून आवाज आला, "मी केलीय. तिला आजून यायचीय."

या रेश्माच्या सासूबाई, हौसाबाई. बारीक, ताठ, आणि डोळे असे की डब्याचं झाकण न उघडता आतलं दिसावं. सुनेच्या धंद्याला त्यांनी नाही म्हटलं नव्हतं, पण हो म्हणण्याचीही घाई नव्हती. "करू दे काय करायचं ते. येवढी एक हळद बघू. जमलं तर जमलं, नायतर कारखान्यात पॅकिंगला माणसं घेतातच," असं माझ्यासमोरच म्हणाल्या.

ती हळद कुठली ते सांगते. दोन महिने रेश्मा पाच-पन्नास भाकऱ्या इकडेतिकडे देत होती. मग कळंबच्या बाजूच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर म्हणाला, "शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे एका लग्नाची हळद आहे. ठाण्याची पार्टी. तीनशे भाकऱ्या, सात वाजता, गरम. हे जमवलंत तर पुढचे सगळे शनिवार तुमचे. नाही जमलं तर आमचा खोपोलीचा माणूस आहेच." रेश्माने वाडीतल्या सहा बायका ठरवल्या. मी सगळ्यांची परीक्षा घेतली. हात स्वच्छ, भाकरी एका मापाची, कामाला वाघिणी. रेश्माचं काम बघून मी संस्थेत जाऊन फुशारकीसुद्धा मारून आले.

शनिवारी सकाळी मी कागदाच्या पिशव्या आणि भाकऱ्या गरम ठेवायचे दोन मोठे डबे घेऊन रिक्षाने वाडीत उतरले. म्हटलं, आज सगळीकडे पिठाचे हात दिसतील. बघते तर एकाही घरातून धूर नाही. पुरुष माणसं पारापाशी डोक्याला हात लावून बसलेली आणि मधल्या घरासमोर बायकांची गर्दी.

पहाटे नामाबाबा गेले होते. वाडीतलं सगळ्यात जुनं माणूस, नव्वदीच्या पुढचं, पणतूंना खेळवून झोपेत गेलेलं. रेश्माच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ. आणि मग माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. अख्खी वाडी एका आडनावाची. नामाबाबा कुणाचे चुलते, कुणाचे आजे, कुणाचे चुलतसासरे. म्हणजे सगळ्या घरांना सुतक. रेश्माला सुतक, तिच्या सहाच्या सहा बायकांना सुतक. दहा दिवस या हातांनी केलेलं दुसऱ्याच्या घरी चालणार नाही, आणि आज तर दिवसभर वाडीत चूल पेटायची नाही.

शहरातल्या वाचकांना वाटेल, त्यात काय, रिसॉर्टला कुठे कळणार होतं? एका बाईने रेश्माच्या कानात तसं सुचवलंही. "गपचूप मागच्या पडवीत करू की. कोण येतंय बघायला?" पण रेश्मा म्हणाली, "काकू, हळदीचं घर हाय ते. नवरीच्या पानात मी सुतकातली भाकर वाढू?" तिचा चेहरा उतरला होता, पण बोलणं ठाम होतं. मी मनात म्हटलं, ही पोरगी टिकणार. पण आज कशी टिकवायची?

हौसाबाई पुढे आल्या. मला पाणी दिलं नाही, सुतकाचं मी घेणारही नव्हते. म्हणाल्या, "मावशी, तुमी लांबून आल्या. पन आज धंद्याचं नाव काढायचं नाय."

"नाही काढत," मी म्हटलं आणि रिक्षा थांबवली, डबे तिच्यातच ठेवले आणि बायकांत जाऊन बसले.

आता माझी पंचाईत बघा. एकीकडे खरंच वाईट वाटत होतं, कारण नामाबाबांनी मला दोनदा त्यांच्या झाडाचे फणस दिले होते. दुसरीकडे डोक्यात घड्याळ चालू. सातला तीनशे. खोपोलीत माझ्या ओळखीच्या डबेवाल्या आहेत, पण त्यांचा हात पोळीचा, तांदळाच्या भाकरीला हात लावला तर नकाशे निघतील. रेश्मा माझ्या शेजारी बसलेली. पदर तोंडाला आणि पदराआडून पुटपुटते, "मावशी, मॅनेजरला नाय म्हणून कळवू का?" मी म्हटलं, "थोडी थांब." का थांब, ते मलाही माहीत नव्हतं. मेंटरला पुष्कळदा असंच बोलावं लागतं.

नामाबाबांचा एक मुलगा सुरतहून यायचा होता, त्यामुळे मयत दुपारी निघणार होतं. तोपर्यंत माणसं येत होती. आणि अकराच्या सुमारास वाडीच्या लेकी यायला लागल्या. कडावला दिलेली, चौकला दिलेली, खालापूरकडे दिलेल्या दोघी. चुलत्याचं तोंड बघायला आलेल्या. यात सगळ्यात पुढे सुनंदा, हौसाबाईंची थोरली लेक, रेश्माची नणंद. कडावला असते. नवऱ्याचा टेंपो आहे. आवाज असा की टेंपोला हॉर्नची गरज नाही.

या सुनंदाचं आणि रेश्माचं कसं होतं म्हणाल, तर गोड बोलण्याची दोघींनाही सवय नव्हती. लग्नानंतर पहिल्या वर्षी रेश्माच्या भाकरीला सुनंदाने चार माणसांत "ही भाकर हाय का चप्पल?" असं म्हटलं होतं. ते रेश्माने मला तीन वेळा सांगितलं होतं.

सुनंदा वाडीच्या तोंडापासून रडत आली. "माज्या बाबा रं! मला कोन पिकले आंबे देनार रं!" सगळ्या बायका पुन्हा रडायला लागल्या. सुनंदा आमच्यात येऊन टेकली, नाक पुसलं, आणि रेश्माचं तोंड बघून हळूच विचारलं, "तुला काय झालंय गं? येवढी कुटं माया होती तुजी नामाकाकावर?"

 मीच वाकून सांगितलं, "आज हळदीची ऑर्डर होती. तीनशे."

"अगं बाई!" सुनंदा म्हणाली. तेवढ्यात नवीन बायका आल्या, म्हणून तिने मोठ्याने "बाबा रं!" केलं आणि परत आमच्याकडे वळून, "कवा द्यायच्या?"

"सातला."

"बाबा रं! आनि पीठ?"

रेश्मा म्हणाली, "गिरनीतच हाय अजून. कडावच्या. आज सकाळी आनायचं होतं."

म्हणजे पिठाला वाडीचा वारासुद्धा लागलेला नव्हता. सुनंदाचं रडणं थांबलं. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे बघते. एक गोष्ट दोघींच्या एकदमच ध्यानात आली. लेक दिली की तिचं घर बदलतं, भावकी बदलते. चुलत्यासाठी तिने एक आंघोळ केली की ती मोकळी. आणि दुसरं म्हणजे, मयताच्या दिवशी त्या घरी चूल पेटत नाही, संध्याकाळची पिठलं-भाकरी सोयऱ्यांनी आणायची असते. इथे तर अख्खी वाडी मयताचं घर. म्हणजे या लेकींना आपापल्या सासरी जाऊन आज वाडीसाठी भाकऱ्या थापायच्याच होत्या.

आता फक्त एकच अडलं होतं. रेश्माने तोंड उघडायला हवं होतं. मी तिला कोपर मारलं. धंद्यात माल करता येणं हा एक भाग झाला, आणि ज्याच्याकडून मदत घेणं जिवावर येतं त्याच्याकडे ती मागता येणं हा दुसरा. या दुसऱ्या भागात अर्ध्याहून जास्त पोरं गळतात. वर्गात मी याच्यावर तासभर बोलते. रेश्माला तेवढा वेळ नव्हता.

ती खाली बघून म्हणाली, "ताई, तुमी करून द्याल का?"

सुनंदाने तिला पुरतं एक मिनिट लोंबकळत ठेवलं. मग म्हणाली, "चपला चालतील का पन तुज्या हॉटेलात?"

"फुगलेल्या असल्या तर चालतील," रेश्मा म्हणाली.

सुनंदाने पदरात तोंड घातलं. तिचे खांदे हलत होते. समोरच्या म्हाताऱ्या बाईने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "रडू नको गं लेकी, लय चांगलं मरन आलं बाबाला."

मग त्या गर्दीत, कुणाला कळेल न कळेल अशा बेताने, लेकींची वाटणी झाली. चौघीजणी, शिवाय कडावच्या सुनंदाच्या जावा. चौकवालीला आणि खालापूरकडच्या दोघींना पीठ लांब पडेल म्हणून तिघींनी सुनंदाकडेच यायचं. उकड सगळ्यांची एकाच पातेल्याच्या मापाने. मी रेश्माला म्हटलं, "मॅनेजरला फोन कर आणि खरं सांग." तिने विहिरीमागे जाऊन फोन केला. "सर, आमच्या घरी मयत झालंय. भाकऱ्या आमच्याकडच्या नसतील, कडावच्या नणंदेच्या घरच्या येतील. चालंल का?" मॅनेजर म्हणाला, "मॅडम, कुठूनही येऊ द्या, पण सातला पाहिजेत." मॅडम म्हणाला तो तिला. त्या परिस्थितीतही पोरगी जरा खुलली.

मयत निघालं. लेकींनी रीतीप्रमाणे सगळं केलं आणि टेंपोत बसून गेल्या. मीही त्यांच्याबरोबर, रिक्षातले डबे मांडीवर घेऊन. रेश्मा वाडीतच. तिला येता येणार नव्हतं, आणि तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला चांगलं ओळखता आलं. आपला माल दुसऱ्याच्या हाती आणि आपण हात बांधून घरी.

कडावला गिरणीतून पीठ उचललं. सगळ्यांच्या आंघोळ्या झाल्या. सुनंदाच्या घरी दोन चुली अंगणात, दोन आत, आणि शेजारणीची एक. मी म्हातारी माप धरून बसले. सुनंदा उकड मळायला घाई करायची. मी म्हणायची, "अजून मळ." ती म्हणायची, "मावशी, नामाकाकाला जाळायला येवढा येळ लागला नाय." तोंडं चालू, हात चालू. त्यातच मधे कुणाला तरी नामाबाबा आठवायचे, एखादी डोळे पुसायची आणि पुन्हा थापायला लागायची. मी आयुष्यात पुष्कळ स्वयंपाकघरं बघितली, पण असं दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं काम करणारं नाही बघितलं.

टेंपो आधी रिसॉर्टला गेला. सातला पाच-दहा मिनिटं कमी असतील. आत डीजे लागलेला, पिवळ्या साड्या, पिवळे गाल, नवरीची मावशी स्टेजवर. मी आणि सुनंदा मागच्या दाराने. मॅनेजरने डबा उघडला, वाफ त्याच्या चष्म्यावर बसली. त्याने एक तोडून खाल्ली, मान डोलावली आणि वाढणाऱ्या पोरांना हाक मारली. एवढंच. एवढ्यासाठी सकाळपासून जीव टांगणीला.

तोच टेंपो मग वाडीकडे वळला. मागे पिठल्याचं पातेलं आणि टोपलीभर भाकऱ्या, त्याच चुलींवरच्या, त्याच पिठाच्या. वाडीत पोचलो तेव्हा दिवेलागण झालेली. अंगणात पंगत मांडली.  रेश्मा वाढताना माझ्यापाशी आली, तिने विचारलं नाही, मी फक्त मान डोलावली. तिने डोळे मिटले आणि पुढे गेली.

हौसाबाईंच्या पानात भाकरी पडली. त्यांनी ती उचलली, उजेडात धरली, कड दाबून बघितली. मग सावकाश विचारलं, "ही सुनंदाची ना?"

"होय," सुनंदा म्हणाली.

"हाटेलात हीच गेली?"

आता पंगतीतले सगळे घास थांबले. म्हणजे त्यांना सकाळपासून सगळं माहीत होतं. एवढी वर्षं डब्यांची झाकणं न उघडता बघितली त्या बाईने, तिच्यापासून काय लपणार होतं?

"हीच गेली, आई," रेश्मा म्हणाली.

"कड फाटलीय."

"आई, मयताच्या पंगतीत भाकरीला नावं ठेवू नायत," सुनंदा म्हणाली.

"भाकरीला नाय ठेवत. तुला ठेवते."

तेवढ्यात रेश्माचा फोन वाजला. ती उठून खांबामागे गेली. आम्हाला तिचं नुसतं "हो सर, हो सर" ऐकू येत होतं. परत आली आणि उभीच राहिली. सगळी वाडी तिच्याकडे बघत होती, ती सासूकडे.

"काय म्हनतो?" हौसाबाईंनी विचारलं.

"पुढच्या शनिवारी चारशे मागतो. पन मी काय बोलले नाय. तवा आपलं सुतक असंल."

हौसाबाईंनी बोटांवर दिवस मोजले. खरंच असणार होतं. त्यांनी पिठल्याचा घास घेतला, शांतपणे चावला, पाण्याचा घोट घेतला.

"आपलं असंल. सुनंदाचं नसंल," त्या म्हणाल्या. "तिला सांग. आनि म्हनावं, उकड नीट मळ."

"मी हितंच बसलीय आई!" सुनंदा ओरडली.

"म्हनून तर सांगते," हौसाबाई म्हणाल्या, आणि आणखी एक भाकरी मागून घेतली.